माझा दुसरा भाग काढू नये

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, अविवाहित (यात माझा दोष नाही), धंदा सिनेमागृहाच्या दारावर उभं राहणं, शिक्षण अर्धवट, डोकं गरम पण ठिकाणावर, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी लालूच दाखवलेली नाही, मागे कुणी व्हायोलिन वाजवत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि यानंतर करायचा विचार नाही.

माझं कागदोपत्री नाव सहीत येईल. ते बँक आणि दवाखाना सोडून कुणी वापरत नाही. थिएटरात मला 'तिखट' म्हणतात, तेव्हा इथेही तेच चालेल.

कारण असं की उद्या सकाळी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. ती जन्मापासून नीट मिटत नव्हती, आता मिटायचंच विसरली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तरुण आहेस, काही होत नाही." आणि मग काय काय होऊ शकतं ते सगळं वाचून दाखवलं. नवी झडप धातूची असेल. काहींना तिची टिकटिक ऐकू येते म्हणे. बाबा लगेच म्हणाले, "बरं झालं. निदान वेळेवर उठेल तरी." आई त्यांच्यावर खेकसली. मी मात्र हसलो, कारण बाबांना विनोद साधतो तो असा वर्षातून एखाद्या वेळी.

मामा कोर्टाबाहेर बसून लोकांची कागदपत्रं टाईप करून देतो. तो म्हणाला, "टाईप करून देतो, नेहमीचा मजकूर आहे, नाव घालायचं फक्त." मी म्हटलं, नेहमीचा मजकूर नकोच. त्यावरूनच तर सगळं भांडण आहे. या कागदाची अंमलबजावणी मात्र मामानेच करावी.

कलम पहिले. एक खुलासा.

गेल्या महिन्यात मी तीन नंबरच्या हॉलमध्ये दाराशी कोसळलो, तो सिनेमामुळे नव्हे. हे सर्वप्रथम नोंदवून ठेवतो, कारण माझ्या पश्चात हे पसरवलं जाणार याची मला खात्री आहे.

दारावरच्या माणसाचं काम असं असतं: सिनेमा संपायच्या थोडं आधी आत जायचं, पडद्याशेजारच्या अंधारात उभं राहायचं, आणि नावं पडायला लागली की दारं उघडायची. त्यामुळे मी या थिएटरात लागलेल्या प्रत्येक सिनेमाचा शेवट पाहिलेला आहे आणि सुरुवात जवळजवळ कुठल्याच सिनेमाची नाही. त्या दिवशी पडद्यावर दिवेवाला, म्हणजे एका हॉलिवूडच्या मालिकेतला दीपगृह सांभाळणारा म्हातारा, स्वतःच्याच तरुणपणाला कडकडून मिठी मारत होता. हा चौथा भाग. मी पडलो. दुसऱ्या दिवशी सेनापतीने, म्हणजे दिवेवाल्याच्या चाहत्यांच्या म्होरक्याने, सगळीकडे लिहिलं: "तिखटसुद्धा हेलावून बेशुद्ध! आता तरी मान्य कराल का?"

मी मान्य करत नाही. पडताना मी कंटाळलेलो होतो. डॉक्टरीणबाईंकडे हृदयाचा फोटो आहे, त्यात झडप दिसते, भावना दिसत नाहीत.

कलम दुसरे. दिवेवाल्याबद्दल माझं अंतिम मत.

त्या हॉलिवूडच्या मालिकेचं नाव मी इथे घेणार नाही. त्यांची जाहिरात फुकट करायला मी काही त्यांचा जावई नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

पहिल्या भागात एका बर्फाळ ग्रहावर एक म्हातारा दीपगृह सांभाळत असतो. शेवटचं जहाज अजून यायचंय आणि तेल संपलेलं. तो टेबल जाळतो. मग पलंग. मग कपाट. शेवटी बसायला उरलेलं स्टूलही जाळतो आणि उभा राहतो. मग दिवा विझतो. जहाज पोचलं की नाही, त्याला कळत नाही. आपल्यालाही कळत नाही. पडदा बराच वेळ काळा.

तेव्हा मी कॉलेजात होतो, यंत्रांच्या शाखेत, तिसऱ्या वर्षाला. तिकीट काढून आत बसलो होतो. तो पडदा काळा झाला तेव्हा अख्ख्या हॉलमध्ये कुणी मोबाइलसुद्धा काढला नाही. दारावरचा माणूस दार उघडायचं विसरला. पुढच्या आठवड्यात मी यंत्ररचनेचा पेपर अर्धा सोडून उठलो, उत्तरपत्रिका पर्यवेक्षकाच्या टेबलावर आपटली आणि थेट इथे आलो. बाहेर पाटी होती, दारावर माणूस पाहिजे. ज्याची जागा रिकामी झाली होती तो बहुतेक तोच, विसरणारा.

मग आला दुसरा भाग. म्हातारा बर्फाखालून जिवंत निघाला. केसही कापलेले. कुणी कापले, कुणास ठाऊक. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिसऱ्यात कळलं की तो मुळात एका राजाचा मुलगा. चौथ्यात त्याचं तरुणपण, आणि त्या स्टुलाचंसुद्धा बालपण दाखवलं, कुठल्या झाडाचं, कुणी बनवलं, वगैरे.

पहिल्या भागात एक जहाज वाचवायचं होतं. दुसऱ्यात शहर, तिसऱ्यात ग्रह, चौथ्यात असेल नसेल ते सगळं. सगळंच वाचवायचं म्हटलं की एकाचाही चेहरा लक्षात राहत नाही. आणि माझा खरा राग यावर आहे: दिवेवाला परत आला म्हणजे त्याने पलंग फुकट जाळला. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून त्या आगीला किंमत होती. तुम्ही मागच्या दाराने त्याला नवा पलंग आणून दिलात.

सेनापती म्हणतो, "अरे, आम्ही पहिल्या भागापासून त्याच्याबरोबर आहोत, त्याला असं टाकून कसं द्यायचं?" टाकून द्या असं मी कधीच म्हटलं नाही. मी म्हणतो, त्याला मेलेला राहू द्या. त्यानंतर आठवण काढायची असते, आणि ते काम आपलं आहे. कंपनीकडे ते सोपवू नका.

कलम तिसरे. माझा आवाज.

हे या कागदाचं मुख्य कलम आहे. बाकी सगळं गेलं तरी चालेल.

मी आणि बूथवाली मिळून 'नावं पडताना' हा बोलका कार्यक्रम करतो. बूथवाली म्हणजे आमच्या थिएटरात सिनेमे चालवणारी, वरच्या काचेमागची. सकाळी पहिल्या शोच्या आधी हॉल नंबर तीन रिकामा असतो, भिंतींना जाड कापड आहे, आवाज घुमत नाही. तिथे बसून आम्ही सिनेमांच्या शेवटांवर भांडतो आणि ते मोबाइलवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकतो. ऐकणारे बरेच आहेत. शिव्या देणारे त्याहून बरेच.

मी दवाखान्यात होतो तेव्हा सेनापती आला. दिवेवाल्याचा लांब कोट घालून आला, त्या उकाड्यात. खरंच काळजीत होता, हे मला दिसत होतं. माझा हात धरून म्हणाला, "तिखट, तू घाबरू नकोस. काही झालंच ना, तरी तुझा आवाज मरू देणार नाही. मी चौकशी केलीय. तुमची सगळी रेकॉर्डिंग यंत्राला घातली की ते तुझ्यासारखं बोलतं. पाचवा भाग आला की त्यावरही तू बोलशील!"

"काय बोलेन?"

"तुझ्यासारखंच. थोडं कमी चिडून."

मला उठता येत असतं तर मी त्या कोटासकट त्याला खिडकीबाहेर भिरकावला असता. नळ्या लावल्या होत्या म्हणून वाचला.

म्हणून लिहून ठेवतो: माझ्या पश्चात माझ्या आवाजाची नक्कल कुठल्याही यंत्राकडून, माणसाकडून किंवा पोपटाकडून करून घेऊ नये. मी न बोललेलं एकही वाक्य माझ्या तोंडी घालू नये. विशेषतः "चौथा भाग तितकाही वाईट नव्हता" हे. मी बर्फाखालून निघणार नाही. माझे केस कुणी कापू नयेत. माझा दुसरा भाग काढू नये.

कलम चौथे. थिएटरातली माणसं आणि हिशेब.

मॅनेजरसाहेबांना माझं जाकीट परत द्यावं, आणि सोबत हे वाचून दाखवावं. साहेब, हल्ली प्रत्येक सिनेमाला नावांनंतर शेपूट असतं, पुढच्या भागाची झलक. लोक ते बघायला बसून राहतात. तेवढ्या वेळात झाडूवाल्या मावशींनी अख्खा हॉल झाडायचा असतो. तुम्ही शोच्या वेळा पुढे ढकलल्या नाहीत आणि मावशींना म्हणालात, "हात जरा लवकर चालवा." हॉलिवूडने शेपूट वाढवलं आणि त्याचा झटका बसला मावशींच्या कमरेला. मी तुम्हाला हे तोंडावर सांगितलं होतं तेव्हा तुम्ही मला तीन दिवस घरी बसवलंत. आता बसवून दाखवा.

माझी टॉर्च मावशींना. सीटखाली वाकून बघायला बरी पडते. नवे सेल घालून द्यावेत.

सेनापतीला माझी पहिल्या भागाची मूळ जाहिरात, ती मोठी, फक्त विझलेला दिवा असलेली. तिच्यावर त्याची कधीपासून नजर आहे. अट एकच, तिच्या शेजारी पुढच्या भागांची जाहिरात लावायची नाही. तो लावणारच. पण लावताना त्याचा हात अडखळला तरी मला पुरे आहे.

कलम पाचवे. घर.

बँकेत जे काही सापडेल ते आईला. तिने ते तिच्या गुडघ्यांवर खर्च करावं. घरावर एक पैसाही घालू नये. आई, तू दर रविवारी मला विचारतेस, "आज कुठल्या शेवटाला जातोस?" बाकी सगळे माझ्या कामाला नोकरी म्हणायलाही कचरतात. तू एकटीच बरोबर प्रश्न विचारतेस.

बाबा शाळेची बस चालवतात. ते मला म्हणाले होते, "अर्धं कॉलेज, अर्धे सिनेमे. तुझं पूर्ण असं काय आहे रे?" मी उलट उत्तर दिलं की निदान मी शेवट तरी बघतो, तुम्ही मुलांना दारात उतरवून पुढे जाता. त्यावर आमचं दोन महिने बोलणं बंद होतं. दोघेही सारखेच आहोत, आई म्हणते तसे, एकाच साच्यातले दोन फुटके.

माझी कॉलेजची पुस्तकं बाबांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलीत. "मन बदललं तर असावीत." बाबा, ती रद्दीत द्या. मी कॉलेजला परत जाणार नव्हतो आणि नाही. झडप बदलली म्हणून माणूस बदलत नाही. मी ते सोडलं हे माझ्या आयुष्यातलं एकमेव काम आहे जे मी अगदी नीट, बरोबर जागी संपवलं. त्यालाही पुढचा भाग जोडू नका.

माझी सायकल बाबांनाच. बस बंद असते तेव्हा पायी जाता, ते मला बघवत नाही.

कलम सहावे. बूथवाली.

'नावं पडताना'ची सगळी रेकॉर्डिंग, त्यातला माझा वाटा, माझा मोबाइल आणि कलम तीन मोडायचं की पाळायचं हे ठरवण्याचा संपूर्ण हक्क, हे सगळं मी बूथवालीला देतो.

लोक विचारतील, का? ती तर दुसऱ्या भागाच्या बाजूची. बर्फातून म्हातारा निघाला तेव्हा वरच्या काचेमागे ती टाळ्या वाजवत होती, मी खालून पाहिलं. त्या आठवड्यात कार्यक्रमात मी तासभर तिच्यावर तोंडसुख घेतलं. मी म्हटलं, ही फसवणूक आहे, हे बाळबोध आहे, हे लोकांना लहान मूल समजणं आहे. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तिखट, तुझे ते काळ्या पडद्याचे शेवट कुणाला आवडतात सांगू? ज्यांचं अजून कुणी गेलेलं नसतं त्यांना."

तिचे वडील त्याच्या आदल्या वर्षी गेले होते.

  मला ते आजही पटलेलं नाही, आणि हे मी इथे छातीठोकपणे लिहितो, छाती आहे तोवर. तरीसुद्धा हे तिलाच देतो, कारण मी चूक आहे असं सांगताना जी नजर चुकवत नाही अशी ती एकटी आहे. सेनापती माझ्यावर प्रेम करतो म्हणून मला खोटं बोलायला लावेल. ती तसं करणार नाही.

आणि दुसरं कारण सगळ्या थिएटरला ठाऊक आहे, तेव्हा लपवून काय उपयोग. प्रत्येक शोच्या शेवटाला वॉकीटॉकीवर तिचा आवाज येतो, "नावं पडतायत. दार." तीनच शब्द. त्यासाठी मी वाईटातले वाईट सिनेमे सहन केलेत. मी तिला विचारलं होतं. सरळ, जिन्यात, हातात पॉपकॉर्नचे रिकामे डबे असताना. ती म्हणाली, "बघू." मी, ज्याला पुढच्या भागावर ढकललेला एकही शेवट आवडत नाही, त्या 'बघू'वर वर्ष काढलं. त्याबद्दल तक्रार नाही. फक्त नोंद.

कलम सातवे. शोकसभा.

ठेवायचीच असेल तर हॉल तीनमध्ये ठेवावी. बोलणाऱ्याने बोलून झालं की बसावं. एकदा संपली की संपली. कुणीही "जाता जाता एक गोष्ट" म्हणत परत माइक धरू नये. शेपूट नको.

कलम आठवे. हे आत्ता, सगळे समोर असताना लिहीत आहे.

सह्यांसाठी मी मंडळींना हॉल तीनमध्ये बोलावलं. दुपारी मला दवाखान्यात दाखल व्हायचं आहे, बाबा बस घेऊन आलेत, ती बाहेर उभी आहे. मामाने कागद सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. बाबा पुस्तकांच्या जागी खाकरले. पॉपकॉर्नवाले काका साक्षीदार म्हणून आलेत, त्यांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं. दुसरा साक्षीदार मॅनेजरसाहेब असणार होते. कलम चार ऐकून ते निघून गेले.

"आता दुसरा कोण?" मामाने विचारलं.

"मी करते," बूथवाली म्हणाली.

मामा हसला. "अगं पोरी, तुला नाही चालत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तू सही केलीस की तुझं कलम सहा बाद."

"माहीत आहे. काल तुमच्याकडेच येऊन विचारलं होतं ना."

मामाने माझ्याकडे पाहिलं नाही. छताकडे पाहिलं.

मी म्हटलं, "हे काय नवीन? तुला नकोय?"

"नकोय."

"का?"

"माझ्याकडे एक आवाज आहे आधीच. अप्पांचा. मोबाइलमध्ये. 'पोचलीस का', बस, एवढाच. मी तो लावते आणि दर वेळी मला वाटतं, आता उत्तर दिलं पाहिजे. मला असा दुसरा आवाज नकोय, तिखट. ठरवायचा हक्क तर त्याहून नकोय. तू मरणार, मस्त काळा पडदा करून जाणार, आणि मागे मी दिवे लावायचे की विझवायचे ते ठरवत बसू?"

"मग ती रेकॉर्डिंग कुणाकडे जातील, ठाऊक आहे का?"

मामा म्हणाला, "बाबांकडे. लग्न नाही, मूलबाळ नाही. आईबाबांकडेच."

मी बाबांकडे वळलो. "बाबा, तुम्ही ती सेनापतीला देणार नाही. शब्द द्या."

बाबा पुढच्या रांगेत बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. म्हणाले, "देईन."

"बाबा!"

"देईन म्हटलं ना. त्या कोटवाल्याला सांगेन, बोलव माझ्या पोराला यंत्रातून. चौथा भाग चांगला म्हणू दे, पाचवा म्हणू दे, काय वाट्टेल ते म्हणू दे. मला घरात आवाज पाहिजे. तुझी तत्त्वं तू सांभाळ. मी बाप आहे, मी काही प्रेक्षक नाही."

 

मी बूथवालीला म्हटलं, "ही सरळसरळ दादागिरी आहे."

"हो."

"म्हणजे मी मेलो तर माझा दुसरा भाग निघणार. मी ज्याच्याविरुद्ध आयुष्यभर बोंबललो तेच होणार."

"निघणारच. त्यामुळे मरू नकोस. सोपं आहे." आणि तिने काकांच्या हातातून पेन घेतलं.

मला दुसरा साक्षीदार आणता आला असता. मावशी बाहेरच झाडत आहेत. मामाने तसं सुचवलंही. मी विचार केला आणि नाही म्हटलं. कलम सहा मी खोडत नाही, ते आहे तसंच राहील, ती सही करेल आणि ते तिच्या सहीने बाद होईल. कलम तीनही खोडत नाही, पण ते पाळणारं आता कुणी उरलेलं नाही. ते पाळायला मी स्वतःच लागणार. तेव्हा डॉक्टरीणबाईंना या कागदाची एक प्रत द्यावी आणि सांगावं की रुग्ण भित्रा नाही, पण त्याला मरायची सवड नाही. बाहेर काही लोक त्याच्या मरणाचा गैरफायदा घ्यायला टपलेत, त्यात त्याचा बाप आहे आणि ती आहे. त्याला त्या दोघांशी भांडायचं आहे.

वरचा सगळा मजकूर मी लिहिला, मामाने वाचला, मी ऐकला आणि मान्य केला. दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही करत आहे आणि माझ्या देखत ते करत आहेत.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: पॉपकॉर्नवाले काका (सही)

साक्षीदार दुसरी: बूथवाली (सही)
तिच्या हाताने: सगळं ऐकलं. कलम दोन मला मान्य नाही. का ते शुद्धीवर आलास की सांगेन.

ठिकाण: हॉल नंबर तीन, पहिली रांग
दिनांक: गुरुवार, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सकाळच्या शोच्या आधी